आयरीनच्या पोर्चवरचा दिवा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आयरीन साबोल उभी दिसली की पोरं आधी पाठ वळवायची आणि मग तोंड दाखवायची. सवयच लागली होती त्यांना, कारण आयरीन आधी पाठच बघायची. पाठीवर गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टी नसली की एप्रनच्या खिशातून गुंडाळी बाहेर यायची, दातानं पट्टी तुटायची, आणि चेटकीण असो, समुद्री चाचा असो, पाठीवर खसकन फुली चिकटायची.

"मिसेस साबोल, माझा झगा तर पांढराच आहे," असं एखादी राजकन्या कुरकुरली की म्हणायची, "हो का? मग गाडीवाल्यांना एकेकाला गाठून सांग, मी आलेय म्हणून. वळ."

हॅलोवीनची संध्याकाळ, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात ती, म्हणजे आयरीनची. वर्षभर ती शाळेपुढच्या रस्त्यावर 'थांबा'ची पाटी घेऊन उभी असायची, पगारी काम होतं ते. पण एकतीस ऑक्टोबरला तीच पाटी घेऊन ती आमच्या कोपऱ्यावर यायची, कोणी न सांगता. पाऊस असो, बर्फ असो. तिच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं तरी आली. मी बर्निस, तिची शेजारीण. शाळेची बस चालवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पोरांवर ओरडायचं मला कोणी शिकवायला नको. पण आयरीनपुढे मीसुद्धा गप्प. एकदा माझ्या पायरीवरच्या कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती दिसली, तर बाईनं न विचारता फुंकर मारली. "तुझ्या पायरीवरून वाळक्या गवताची बुजगावणी होऊन पोरं जाणार, आणि तू खाली जाळ ठेवतेस? अक्कल गहाण टाकलीस का?" दुसऱ्या दिवशी बॅटरीचा दिवा आणून दिला. माझ्या कुत्र्यालाही तिनंच आत कोंडायला लावलं. एवढं गरीब जनावर, पण नाही म्हणजे नाही.

ऑक्टोबर लागला की बंबवाल्यांच्या हॉलमध्ये आयांची बैठक भरायची, आणि कॉफीच्या भांड्याशेजारी उभी राहून आयरीन बोलायची. मुखवटा नको, तोंड रंगवा, भोकातून पोराला पुढची पायरी दिसत नाही. झगा घोट्याच्या वर. पायऱ्यांवरची ओली पानं झाडून काढा. खाऊ घरी आणला की आधी उजेडात बघा, मग पोराच्या तोंडात. हे सगळं आयांना पाठ होतं. भांडण व्हायचं ते शेवटच्या नियमावर. आमच्याकडे पोर्चवरचा दिवा लागलेला असला म्हणजे या, आणि विझला म्हणजे खाऊ संपला, पुढे चला. एवढी साधी रीत. आयरीन म्हणायची, खाऊ संपला तरी आठचा भोंगा होईपर्यंत दिवा विझवायचा नाही.

"आणि पोरं दारात आली तर काय देऊ?" एखादी नवी आई फणकारायची.

"पाव दे. कांदा दे. नाहीतर शिव्या दे. पण दिवा ठेव."

का, ते कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तिचा मुलगा हॅलोवीनलाच गेला हे सगळ्यांना माहीत, मग खोदून कोण विचारणार?

लेनी त्याचं नाव. सात वर्षांचा होता, पुढचे दोन दात पडलेले. त्या वर्षी त्याला वटवाघूळ व्हायचं होतं. आयरीननं नवऱ्याचा जुना काळा कोट उसवून त्याचे पंख शिवले होते. काय पंख होते, सांगते! माझ्या मुली रडल्या होत्या, आम्हालाही हवेत म्हणून. त्या काळी चमकपट्टी वगैरे कोणाला ठाऊक होती? भोंगाही नव्हता. भोंगा गावच्या कौन्सिलनं लेनी गेल्यावर सुरू केला, सहाला एक आणि आठला एक. त्याआधी संध्याकाळ संपली हे कसं कळायचं, तर दिव्यांवरून. आयरीनचं घर कोपऱ्यावरचं, शेवटचं, आणि ती भरपूर खाऊ आणून ठेवायची. आयरीनचा दिवा गेला की अख्खी गल्ली म्हणायची, झाली हॅलोवीन.

धुकं होतं त्या दिवशी. समोरच्या घरातल्या मर्ल युहासनं कामावर जायला गाडी मागे काढली, आणि मागे रस्त्यात लेनी उभा होता. एवढंच गावाला माहीत. मर्ल काचकारखान्यात होता, रात्रपाळीला. पोलिसांना तो एकच वाक्य म्हणाला, "मला दिसला नाही, चूक माझी." शिक्षा झाली नाही, पण गावानं सोडलं नाही. हॅलोवीनच्या संध्याकाळी, रस्ता पोरांनी भरलेला असताना, मेल्याला गाडी काढायची गरज काय होती? जो तो हेच बोलायचा, मीही बोलले. चर्चमध्ये त्याचा बाक रिकामा राहायला लागला. बायको वर्षभर राहिली आणि मग बहिणीकडे गेली, ती गेलीच. गाडी त्यानं विकून टाकली आणि निवृत्त होईपर्यंत कारखान्यात पायी गेला. पुढे तर दर हॅलोवीनला मोठी पोरं त्याच्या भिंतीवर अंडी फोडायची आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

तेव्हापासून त्याच्या पोर्चवरचा दिवा कधी लागला नाही. आणि समोर आयरीनचा कधी विझला नाही. भर दुपारी, उन्हाळ्यात, घरात कोणी असो नसो, चालूच. बल्ब गेला की तासाभरात दुसरा. तिचा नवरा बिचारा बिलावरून कुरकुरायचा, तोही पुढे वारला. आम्ही म्हणायचो, लेनीसाठी ठेवते. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घरं, एक कायम उजेडात आणि एक कायम अंधारात. पण एक गंमत सांगू? थंडीत आयरीनच्या दारापुढचा बर्फ पहाटेच कोणीतरी फावड्यानं ओढून ठेवायचं. कोण ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ती कधी काही बोलली नाही. मर्लबद्दल वाईटही नाही आणि बरंही नाही. कोणी त्याला शिव्या द्यायला लागलं की उठून जायची. मला वाटायचं, नाव ऐकवत नाही तिला.

गेल्या वर्षी मर्लच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. नाकात ऑक्सिजनची नळी आली. ईरी शहरातून त्याची पुतणी आली आणि म्हणाली, काकांना माझ्या गावच्या वृद्धाश्रमात नेते, शनिवारी गाडी येईल. हॅलोवीन होती गुरुवारी.

गुरुवारी दुपारी आयरीन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी सफरचंदं चिरत होते. बाई बसली आणि कोट काही काढेना.

"बर्निस, मला आज मर्लकडे जायचंय. तू चल माझ्याबरोबर."

माझ्या हातातली सुरी थांबली. "कशाला? आता कशाला? जातोय तो, जाऊ दे की."

"जातोय म्हणूनच. मग सांगणार कोणाला?" ती टेबलाकडे बघत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "त्या दिवशी माझा दिवा बंद होता."

मला अर्थबोधच होईना. मी म्हटलं, "कुठला दिवा?"

"पोर्चचा. खाऊ संपला होता. शेवटची गोळी दिली, आणि दिवा विझवला. रीतच होती ना तशी. लेनीला मी सांगितलं होतं, आपल्या दिव्याच्या समोर आलास की पलीकडेच थांब, हाक मार, मी येऊन हात धरून रस्ता ओलांडून आणीन. आणि मी विसरले गं. दिवा विझवला आणि वाडगा धुवायला आत गेले. त्यानं हाक मारली. ऐकली मी. हात ओले होते. म्हटलं, पुसून जाऊ." तिनं दोन्ही हात कोटाला पुसले, जसे आत्ताच ओले असावेत तसे. "दिवा नाही दिसला म्हणून तो घर शोधत रस्त्यात उतरला. आवाज झाला तेव्हा मी धावले आणि धावताना बटण दाबलं. तुम्ही सगळे आलात तेव्हा दिवा चालू होता. कोणाला कळलंच नाही. नवऱ्यालाही नाही सांगितलं. आणि सगळं गाव त्या माणसावर थुंकत राहिलं, बर्निस. मी थुंकू दिलं."

सफरचंदं काळी पडली तिथेच. मी तिला जवळ घेतलं, तर लाकडासारखी ताठ बसलेली, रडतसुद्धा नव्हती.

सहाचा भोंगा झाला तेव्हा ती नेहमीसारखी कोपऱ्यावर उभी होती. मला वाटलं, आता आठचा भोंगा होईपर्यंत काही हलायची नाही. पण अर्धी संध्याकाळ झाली आणि तिनं माझ्या जावयाला, ग्लेनला हाक मारली आणि त्याच्या हातात पाटी दिली. आयरीननं पाटी दिली! ग्लेन बंबवाला आहे, आगीत शिरतो, पण पाटी धरून असा उभा राहिला की जणू कोणी तान्हं मूल हातात दिलंय.

आम्ही रस्ता ओलांडला. मर्लच्या दारात पायाखालचं दिसत नव्हतं. मी दार वाजवलं.

"अंडी फेकायची असतील तर बाहेरूनच फेका," आतून खरखरीत आवाज आला. "मला उठायला लावू नका."

"मी आहे, मर्ल. आयरीन."

आत खुर्ची सरकली. मग दार उघडलं. नळी नाकात, अंगावर गोधडी, माणूस नुसता हाडांचा राहिला होता. दाराच्या आत स्टुलावर वाडगा ठेवलेला दिसला मला, काठोकाठ चॉकलेटांनी भरलेला.

"मिसेस साबोल," तो म्हणाला, "तुम्ही कोपरा सोडून आलात? भोंगा नाही झाला अजून."

"ग्लेन उभा आहे. आणि मिसेस साबोल काय रे? माझ्या हातचे कोबीचे रोल खाताना म्हणायचास का मिसेस साबोल?"

त्यानं मान खाली घातली. मला गप्प राहवेना, म्हणून मी वाडग्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा खाऊ कोणासाठी? तुझा तर दिवाही नसतो."

"दरवर्षी आणतो," तो म्हणाला. "चुकून कोणी आलंच तर."

"येतं कोणी?"

"नाही. मग महिनाभर, थँक्सगिव्हिंगपर्यंत, मीच खातो."

तो खुर्चीत बसला. आयरीन बसली नाही. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं, दुपारी मला सांगितलं तसंच, वाडगा, ओले हात, सगळं.

"माहीत आहे मला," मर्ल म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दिवा विझला ते. मी बघत होतो ना, आयरीन. गाडीतच बसलो होतो. पाळीला उशीर झाला होता, तरी बसलो होतो, कारण रस्त्यात पोरं होती. म्हटलं, तुझा दिवा गेला की निघू. तुझ्या दिव्यावरूनच तर सगळं कळायचं. तो गेला. म्हटलं, पोचली सगळी घरी. आणि गाडी मागे घेतली."

मी भडकलेच. "मग पोलिसांना का नाही सांगितलंस, गाढवा? गावाला का नाही सांगितलंस? चाळीस वर्षं अंडी पुसत बसलास भिंतीवरची!"

"काय सांगू, बर्निस? आईनंच दिवा विझवला म्हणून सांगू? तिचं पोर गेलं होतं. माझं काय जाणार होतं?"

"सगळं गेलं की रे तुझं."

"हो," तो म्हणाला. "पण ते मला आधी कुठे माहीत होतं?"

आणि हसला तो. खरंच हसला आणि मग खोकला आला. आयरीन त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्या मोडक्या गुडघ्यांवर, आणि तिला जे रडू फुटलं ते मी कधी ऐकलं नव्हतं, लेनीला पुरलं तेव्हाही नाही. रडता रडता म्हणत होती, "मला शिव्या तरी द्यायच्यास, मर्ल. एकदा तरी रस्ता ओलांडून येऊन शिव्या द्यायच्यास."

"दिल्या की. पहिली काही वर्षं रोज दिल्या. दाढी करताना." तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळत नव्हतं. हात तसाच वर राहिला. "मग एकदा बर्फ ओढताना तुला खिडकीत पाहिलं. दिव्याखाली बसली होतीस, कोट घालून, जशी कोणाची हाक येणार आहे. त्यानंतर नाही दिल्या."

थोड्या वेळानं आयरीननं डोळे पुसले आणि उठायला मला हात मागितला. "मर्ल, तुझ्या पोर्चला दिवा लावूया."

"बल्बच नाही तिथे. कधीचा काढून टाकलाय."

"बर्निस, जा, माझ्या पोर्चचा काढून आण."

"अगं, तुझ्या कपाटात नवे पडलेत डझनभर..."

"तोच आण."

मी गेले. स्टुलावर चढून रुमालानं धरून तो बल्ब काढला, चांगला तापला होता. आयरीनचं घर अंधारात गेलं तेव्हा रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. कोणीतरी ओरडलं, "बर्निस, काय झालं? आयरीन बरी आहे ना?" मी उत्तर दिलं नाही. मर्लच्या पोर्चवर बल्ब बसवला आणि बटण दाबलं. लागला.

मर्लला खुर्चीसकट दारात आणलं, मांडीवर वाडगा. आयरीन बाजूला उभी. पोरं पलीकडच्या फूटपाथवर जमली, बघत होती, पण रस्ता कोणी ओलांडेना. आया हात धरून उभ्या. मी हाका मारल्या, नावं घेऊन मारल्या, आणि माझी हाक साधी नसते. एक छोटा डायनासोर दोन पावलं पुढे आला, तर त्याच्या आईनं शेपटी धरून मागे ओढला. मर्ल सारखा वाडग्यातली चॉकलेटं सरळ करत होता. आणि मग भोंगा झाला. लांबलचक, नेहमीसारखा. पोरं घरोघर पांगली.

"झालं," मर्ल म्हणाला. "विझव आता."

आयरीन कठडा धरून पायऱ्या उतरली. मला वाटलं, निघाली. पण खाली जाऊन वळली, आणि एकेक पायरी पुन्हा वर चढून आली, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि एप्रनची ओटी पुढे धरली.

"खाऊ देतोस का खोडी काढू?" ती म्हणाली. पोरं दारात म्हणतात तेच.

मर्लनं एक चॉकलेट तिच्या ओटीत टाकलं. मग आणखी एक शोधून काढलं, शेंगदाण्याचं, आणि ते टाकताना म्हणाला, "हे लेनीला."

मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला बघवेना.

शनिवारी गाडी आली आणि मर्ल गेला. कोणाला काही सांगू नकोस म्हणून त्यानं आयरीनला दहादा बजावलं होतं. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती फादरच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, मोठ्यानं, मागच्या बाकांनाही ऐकू जाईल असं. दिवा तिनं विझवला आणि तो विझलेला बघून मर्लनं गाडी काढली, हे. कोणी वर बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात सहा-सात बायकांनी ईरीला पोचवायला ओव्हनमधले पदार्थ करून आणले माझ्याकडे. मी रागानं ते कुत्र्याला घालणार होते, पण आयरीन म्हणाली, पाठव. पाठवले. पहिला बर्फ पडला त्याच सुमारास पुतणीचा फोन आला, मर्ल गेला म्हणून. आयरीननं त्या दिवशी स्वतःच्या दारापुढचा बर्फ ओढला, आणि मग पलीकडे जाऊन त्याच्याही.

त्याचं घर अजून विकलेलं नाही. पोर्चवरचा तो बल्ब संध्याकाळी आयरीन जाऊन लावते. तिच्या स्वतःच्या पोर्चवर मात्र काहीच नाही, नुसतं रिकामं होल्डर. अंधारात तिनं पाय मोडून घेतला तर मलाच निस्तरायचंय, म्हणून परवा मी नवा बल्ब घेऊन गेले आणि म्हटलं, "सरक, लावून देते."

तिनं माझा हात धरला. "राहू दे गं, बर्निस," ती म्हणाली. "आता कोणी यायचं राहिलं नाहीये."